दुसऱ्या दिवशीचं दुखणं

वेल्लूर
९ जून १९९७

चि. पूंगोडी,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांत तीन कार्डं आली. तिन्हींत तिथल्या जेवणाबद्दल चार-चार ओळी, उन्हाबद्दल दोन, आणि अंग दुखतं की नाही याबद्दल एक अक्षर नाही. हे मला बरं वाटलेलं नाही.

इथे होतीस तेव्हा मला विचारावं लागत नव्हतं. सकाळी वजनं उचलायला शेडमध्ये आलीस की मी मांडीवर, खांद्यावर, पाठीच्या कण्याशी अंगठा दाबायचो. तू कुठे ओरडतेस ते बघून त्या दिवशीचं वजन ठरायचं. माझ्या गुरूने माझ्याशी हेच केलं, मी सगळ्यांशी हेच करतो. आता तुझ्या-माझ्यात तीन दिवसांची आगगाडी आहे, एवढा लांब अंगठा माझा नाही. म्हणून तूच दाबून बघायचं आणि लिहायचं. कुठे, किती, कोणत्या कामानंतर. बैठका वाढल्या की मांडी बोलते. ती बोलली नाही, तर एक तर वजन खोटं, नाहीतर पोरगी.

सप्टेंबरच्या शेवटी निवड चाचणी आहे, हे तुला मी सांगायला नको. प्रत्येक वजनगटातल्या पहिल्या चौघी संघात, आणि संघातलीला रेल्वेत नोकरी. आपल्या शेडमधून आजवर पाच मुलगे रेल्वेत गेले. मुलगी एकही नाही. तुझी आई गेली तेव्हा तुला पायावर उभी करण्याचा शब्द मी तिला दिला होता. बाकी तू शहाणी आहेस.

धनम विचारते, तिकडे तिळाचं तेल मिळतं का? शुक्रवारी डोक्यावरून नाहतेस ना?

तुझा मामा,
एकांबरम


शिबिर
२० जून १९९७

ती. मामांना नमस्कार.

दुखतं हो मामा, फार दुखतं! कार्डावर जागा नसते म्हणून लिहिलं नव्हतं. आता हे मोठं पत्रच पाठवते.

सोमवारी आमच्या जड बैठका असतात. त्या दिवशी संध्याकाळी मांड्या इतक्या भरून येतात, की जेवायला खाली जाववत नाही. मंगळवारी सकाळी मात्र एकदम मोकळं वाटतं. गुरुवारी खांद्याचं काम झालं की रात्री दंड दुखतात, ते शुक्रवारी थांबतात. म्हणजे सगळं नीट चाललं आहे.

माझ्या खोलीत इबेमचा म्हणून मणिपूरची मुलगी आहे. दोन वर्षांपासून इथेच आहे. ती घरून सुकवलेले मासे आणते, आणि वॉर्डनबाई रोज कुठे काय मेलंय म्हणून पलंगाखाली वाकून बघतात. मला तो वास आला की आपल्याकडच्या सुक्या मासळीची, करुवाड्याची आठवण येते. इथे राजमा असतो. रोज. भाताला कुणी विचारत नाही.

सर म्हणतात, माझी प्रगती चांगली आहे.

मामीला सांगा, तिळाचं तेल नाही, मोहरीचं मिळतं. त्याने डोळे चुरचुरतात.

तुमची,
पूंगोडी


वेल्लूर
३० जून १९९७

पूंगोडी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग धनमला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बघा, दुखतंय पोरीला, झालं ना समाधान?" मी म्हटलं, "ही पोरगी खोटं बोलतेय."

सोमवारी संध्याकाळी दुखलं आणि मंगळवारी सकाळी गेलं? अगं, वजन ठेवल्या ठेवल्या जो होतो तो शीण. तो झोपेने जातो. दुखणं हे सासरच्या पाहुण्यासारखं असतं. सोमवारी बोलावलंस की मंगळवारी सकाळी दारात उभं राहणार, बुधवारी घरभर पथारी पसरणार आणि गुरुवारी जायचं नाव काढणार. हे बारा वर्षांच्या पोरालाही कळतं. तू इथे आठ वर्षं दर बुधवारी जिना उतरताना भिंत धरायचीस. ते विसरलीस, म्हणजे ते तुझ्या अंगाला आता होत नाही.

तेव्हा खरं सांग. सोमवारी तू कुठे असतेस? बैठका घालत नाहीस हे नक्की. तब्येत बरी नाही म्हणून पडून असतेस? की सर तुला बाजूला बसवून दुसऱ्या कुणाला पुढे काढताहेत? की आणखी काही आहे? तिथे मुलांचंही शिबिर आहे, हे तू कधी लिहिलं नाहीस. ते मला दुसरीकडून कळलं.

आपला वीरबाहू लॉरीवाला पुढच्या आठवड्यात चामड्याचा माल घेऊन त्या बाजूला जातोय. शिबिरात डोकावून ये म्हणून त्याला सांगितलं आहे. तू त्याला टाळू नकोस.

एकांबरम

(ता. क. पूंगोडी, मी धनम. मामांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ते दूधवाल्याच्या दुधातही अंगठा बुडवून बघतात. पण मुलगा असेल तर मला सांग. आपल्यातला आहे का?)


शिबिर
११ जुलै १९९७

मामा,

वीरबाहू अण्णा येऊन गेले. ते फाटकाशी उभं राहून माझ्या सरावाच्या वेळा पहारेकऱ्याला विचारत होते. मुली अजून हसताहेत. इबेमचा मला विचारते, "तो पोलीस तुझा कोण लागतो?"

होय, मी खोटं लिहिलं. पण तुम्हाला वाटतं तसं नाही. मी एकही सोमवार चुकवलेला नाही. वेल्लूरला असताना मी ज्या वजनाच्या बैठका घालायचे, त्यावर आता तीस किलो जास्त घालते आहे. वीरबाहू अण्णांनी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यांना विचारा.

आणि खरं म्हणजे मला दुखत नाही. मे महिन्यापासून कुठेच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, तुमच्या त्या बुधवारीही नाही. मी दाबून बघितलं. पण असं लिहिलं असतं तर तुम्ही झोपला नसता, म्हणून मनाने दुखणं रचलं. तेही मला धड जमलं नाही.

पहिल्यांदा मीही घाबरले होते. मग आठवलं, इथे यायच्या आधी मामीने पडवेट्टूच्या रेणुकाम्मनला चांदीचे पाय वाहिले होते. पोरीचे हातपाय परमुलखात दुखू नयेत, असं मागितलं होतं. ते देवीने ऐकलं, असं मी धरलं. यात माझं काय चुकलं?

सरांना मी तुमचं पत्र सांगितलं. ते म्हणाले, "गावातल्या उस्तादांचं असंच असतं. शिष्य पुढे गेला की त्यांना रोग सुचतात." मी तिथून उठून आले. पण मामा, तुम्हाला माझं दुखणं हवंय, की माझी नोकरी?

पूंगोडी


वेल्लूर
२२ जुलै १९९७

चि. पूंगोडी,

तुझा प्रश्न वाचला. तुझ्या जागी मी असतो तर हाच विचारला असता. राग आला होता, तो दोन दिवसांत उतरला.

वीरबाहू परत आला. तू मैदानात होतीस, काम चोरत नाहीस, हे त्याने देवीची शपथ घेऊन सांगितलं. माझा तो संशय चुकीचा होता. पण तो आणखी काही बोलला. म्हणाला, "अण्णा, पोरगी कसली, लॉरीचा जॅक आहे! आणि फाटकाआडून 'कोण आहे?' म्हणून आवाज आला, तेव्हा मला वाटलं तिचा भाऊच आला. पण तिला भाऊ कुठे आहे?"

तो हसत होता. धनम हसली नाही.

तीस किलो वाढले आणि मांडी गप्प. पूंगोडी, रोजचंच वजन रोज उचललं तर अंग कुरकुरत नाही, हे मलाही माहीत आहे. पण वजन वाढवलं की अंग भाडं मागतं. तुझं भाडं कुणी तरी परस्पर भरतंय. देवीवर माझी श्रद्धा आहे. मी स्वतः आडी महिन्यात तिच्यासाठी नाचणीचं कूळ शिजवून रस्त्यावर वाटतो. पण रेणुकाम्मनने आजवर आपल्या शेडमधल्या एकाचीही मांडी दुखायची थांबवली नाही. ती तुझ्यापासूनच का सुरुवात करेल?

तेव्हा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं ते लिही. भाकरीचा तुकडासुद्धा सोडू नकोस. इंजेक्शन देतात का? कोण देतं? हे सरांना सांगू नकोस.

सोबत धनमची चिठ्ठी आहे. ती मी वाचलेली नाही. तिने गोंद लावला आहे.

मामा

(पूंगोडी, मी मामी. तू शेवटचं डोकं कधी विंचरलंस ते मला माहीत नाही, पण वीरबाहू म्हणाला तुझ्या ओठावर लव दिसली आणि हनुवटीवर फोड. तू अशी नव्हतीस. महिन्याचं नीट येतं का? मला खरं लिही, वेगळ्या कागदावर.)


शिबिर
४ ऑगस्ट १९९७

ती. मामांना नमस्कार.

सकाळी भिजवलेले हरभरे आणि केळं. मग अंडी, पाव. दुपारी चपात्या, राजमा, दही. चारला रस. रात्री पुन्हा चपात्या, कोंबडी असली तर कोंबडी. झोपताना दूध आणि दुधाबरोबर गुलाबी गोळी. इंजेक्शन नाही.

गोळी सांध्यांसाठी आहे, असं सांगितलं आहे. सगळ्या वरच्या वजनगटातल्या मुलींना मिळते. वॉर्डनबाई समोर उभ्या राहतात आणि गिळली की तोंड उघडून दाखवायला लावतात. मला ते नेहमी शिस्तीचं वाटायचं. तुमचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा विचार केला, सांध्यांच्या गोळीला कुणी पहारा का देईल?

इबेमचाला विचारलं. ती नखं कापत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुला आत्ता कळलं? इथे कुणाचंच दुखत नाही. पहिल्या वर्षी मलाही मजा वाटली होती." मी म्हटलं, "मग सोडत का नाहीस?" तर म्हणाली, "सोडली की बघशील." मग दिवा बंद करून झोपली. खरं तर झोपली नव्हती.

सर चांगले आहेत मामा. मला ताप होता तेव्हा रात्रभर बसले होते. मला आता कुणाचं काय खरं धरावं ते कळत नाही. काल रस पितानाही मी आधी वास घेतला.

मी काय करू ते लिहा.

पूंगोडी

(मामी, फक्त तुला. एप्रिलनंतर आलेलं नाही. मला वाटलं कष्टाने थांबलं असेल. आवाज फाटतो म्हणून मी सकाळची प्रार्थना म्हणत नाही, ओठ नुसते हलवते. मामांना सांगू नकोस.)


वेल्लूर
१३ ऑगस्ट १९९७

चि. पूंगोडी,

गोळी बंद. जिभेखाली धर, तोंड उघडताना गालाकडे सरकव, बाहेर जाऊन थुंक. आपल्या शेडमधली पोरं माझ्यासमोर विडी लपवतात, तशी.

धनमने मला काही सांगितलं नाही. पण तुझी चिठ्ठी वाचून ती चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या अंगठ्याला सगळं कळतं ना? मग मला काय विचारता?" तेवढ्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

मी तिकडे येऊन सरांची गचांडी धरणार होतो, पिशवीही भरली होती. धनम म्हणाली, तुम्ही भांडून परत याल, पोरीला तिथेच राहायचं आहे. म्हणून थांबलो.

तू नुसती लक्ष ठेव. दुखायला लागलं की त्याच दिवशी मला लिही. अंग आधी तुझं व्हायला हवं, नोकरीचं मग बघू.

तुझा मामा


शिबिर
५ सप्टेंबर १९९७

मामा,

आलं!

सोमवारी बैठका घातल्या. मंगळवारी सकाळी उठले तर मांड्यांत कुणी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं वाटलं. संडासात बसले ती उठताच येईना. शेवटी नळ धरून उठले, नळ उपटला, आणि वॉर्डनबाईंनी सगळ्या मजल्याला झापलं. बुधवारी तर जिना मी पाठमोरी उतरले, कठड्याला धरून, एकेक पायरी. इबेमचा वरून बघत होती. म्हणाली, "म्हातारे, हात देऊ का?" आणि हसली. मग खाली येऊन तिने खरंच हात दिला.

केस विंचरायला हात वर जात नाही. शिंकले तर पोट दुखतं. मामा, किती दिवसांनी! मी अंथरुणात पडून एकेक जागा दाबून बघत होते. घरी परत येऊन कपाटं उघडून बघावीत ना, तसं.

मामीला सांगा, तिच्या प्रश्नाचं उत्तर परवा आलं. तिला कळेल.

आता दुसरं. वजनं उतरताहेत. दर आठवड्याला थोडी थोडी. माझ्या गटात आम्ही सहा जणी आहोत, मी दुसरी होते, कालच्या सरावात सहावी आले. सर माझ्याकडे बघत राहिले. त्या रात्री वॉर्डनबाईंनी माझ्या गालावर बोट ठेवून दोन्हीकडे दाबून बघितलं. गोळी तेव्हा मी आधीच दुधात सोडली होती, म्हणून वाचले. ते दूध कुंडीत ओतलं.

चाचणी अठ्ठावीसला आहे. चौघींतच यायचं आहे. तेवढ्या दिवसांत नुसत्या माझ्या जोरावर किती भरून निघेल? काम काय वाढवू, काय कमी करू, ते तुम्हीच सांगा. मी इथल्या कुणाला विचारू शकत नाही.

तुमची,
पूंगोडी


वेल्लूर
१४ सप्टेंबर १९९७

चि. पूंगोडी,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, नळाचा भाग दोनदा. गोळीचा भाग अर्थातच वगळला.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. काल रेल्वेतला आपला तंगराज आला होता, शेडमधून गेलेला पहिला मुलगा. आता त्याला क्वार्टर आहे, बायकोला रेल्वेच्या दवाखान्यात औषध फुकट, मुलं इंग्रजी शाळेत. तो म्हणाला, या वर्षी मुलींच्या जागा आहेत, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? मी साठीला आलो. माझ्यामागे धनम आणि तू. शेडची जागा दुसऱ्याची आहे.

सहावीची चौथी व्हायला तुझ्या अंगाला दोन-तीन महिने लागतील. ते आपल्याकडे नाहीत. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही.

तेव्हा मला असं वाटतं. इतके दिवस घेतलीस, त्याने जे व्हायचं ते झालं, आणि सोडल्यावर अंग ठिकाणावर आलं, हे आपण बघितलं. म्हणजे परत येतं. मग चाचणीपर्यंत घ्यायला काय हरकत आहे? निवड झाली, कागद हातात पडला, की त्याच दिवशी बंद कर. तिथे सगळ्याच घेतात, तू एकटीने सोडून कुणाचं भलं झालं? लघवीची तपासणी कधी होते, ते तिथल्या लोकांना ठाऊक असणारच, ते सांभाळून घेतील.

हे मी तुझ्या भल्यासाठी लिहितो आहे. धनमला दाखवलेलं नाही. वाचून फाडून टाक.

मामा


शिबिर
३० सप्टेंबर १९९७

प्रिय मामी,

हे पत्र तुझ्या नावाने आहे. मामांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

चौदा तारखेचं त्यांचं पत्र आलं, तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. ते फोडून पुन्हा चिकटवलं असेल, सरांनी कुणाकडून तरी तमिळमध्ये लिहून घेतलं असेल, असं वाटलं. मी पाकिटाचा गोंद तपासला, वेल्लूरचा शिक्का उजेडात धरला. ट्रंकेतून त्यांची सगळी जुनी पत्रं काढून अक्षर जुळवत बसले. इबेमचा म्हणाली, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "हे दुसऱ्या कुणी लिहिलंय, त्याचा पुरावा." तिला तमिळ येत नाही, तरी ती माझ्याबरोबर बसून अक्षरं बघत होती. शेवटी तिनेच मान हलवली. ते त्यांचंच होतं.

मामी, मामांनी माझ्यावर संशय घेतला तेव्हा मला राग आला होता, पण भीती वाटली नव्हती. ते पत्र वाचून वाटली. वॉर्डनबाईंची नाही, सरांचीही नाही. ती दोघं माझी कुणी लागत नाहीत.

त्या रात्री गोळी तळहातावर होती. मी ती बराच वेळ धरली, गुलाबी रंग हाताला लागला. घेतली नाही. मी फार धीट आहे म्हणून नाही. इतक्या दिवसांनी माझा आवाज परत येतोय, सकाळच्या प्रार्थनेत मी आता ओठ नुसते हलवत नाही. तो पुन्हा द्यायचं माझ्या जिवावर आलं.

परवा चाचणी झाली. मी पाचवी आले. चौथीच्या आणि माझ्यात अडीच किलोंचा फरक. शेवटचं वजन डोक्यावर गेलं होतं, पण कोपर हललं आणि पंचांनी लाल दिवा दाखवून ते बाद केलं. इबेमचा तिच्या गटात दुसरी आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. रात्री मात्र तिने तिचे सगळे सुके मासे माझ्या पिशवीत भरले.

शुक्रवारच्या गाडीने निघते, सोमवारी दुपारी काटपाडीला उतरेन. स्टेशनवर तू ये. शेडमध्ये मी जाणार आहे, वजनंही उचलणार आहे, पुढच्या वर्षी जागा निघाल्या तर पुन्हा चाचणी देणार आहे. पण किती उचलायचं ते माझं मी ठरवीन. हे मामांना तूच सांग, मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. आठ वर्षं त्यांनीच मला उभं केलं, तेही मी विसरलेले नाही.

आज अंग सगळ्यात जास्त दुखतंय. पेन धरायलाही त्रास होतो. कुठे कुठे दुखतंय म्हणून मामांनी विचारलं, तर सांग, पूंगोडीने ते लिहिलेलं नाही.

तुझी,
पूंगोडी